रंगमंचाविना संगीत नाटक : लोहेनग्रीन, रेडिओ आणि खानदेशचे कान



आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून काही जणांना वाटलं असेल, की कुठे जर्मन ऑपेरा आणि कुठे जळगाव-धुळे! शंका रास्त आहे. जर्मन ऑपेराची मंडळी काही तापीकाठी तंबू ठोकायला आली नाहीत. पण गाऊन सांगायचं नाटक रेडिओवर गेलं की त्याचं काय होतं, हा प्रश्न जर्मनीलाही पडला आणि आपल्यालाही. दोन्हीकडची उत्तरं शेजारी ठेवून पाहिली, तर आपल्या संगीत नाटकाचा एक राहून गेलेला हिशेब मांडता येतो. तेवढंच आज करायचं आहे.

सुरुवात 1850 पासून करू. 28 ऑगस्ट 1850. जर्मनीतल्या वायमार गावच्या नाट्यगृहात रिचर्ड वाग्नर यांच्या 'लोहेनग्रीन' या ऑपेराचा पहिला प्रयोग होता. हंसाने ओढलेल्या नावेतून एक अनोळखी वीर येतो, खोट्या आरोपात सापडलेल्या राजकन्येला वाचवतो आणि एकच अट घालतो : माझं नाव विचारायचं नाही. अशी ती गोष्ट. वाग्नर यांनी स्वतः त्याला 'रोमँटिक ऑपेरा' म्हटलं होतं. प्रयोग बसवला होता फ्रान्झ लिस्ट यांनी. आणि वाग्नर कुठे होते? स्वित्झर्लंडमध्ये. 1849 च्या ड्रेस्डेनच्या उठावात भाग घेतल्यामुळे त्यांच्यावर वॉरंट होतं, जर्मनीत पाऊल टाकायची सोय नव्हती. त्या रात्री ते ल्युत्सर्न गावच्या एका खानावळीत घड्याळ घेऊन बसले होते. आता पडदा उघडला असेल, आता पहिला अंक संपला असेल, असा अंदाज घेत. खानावळीचं नावही योगायोगाने 'हंस'! ही हकीकत त्यांनीच आत्मचरित्रात सांगितली आहे. स्वतःचा 'लोहेनग्रीन' पूर्ण ऐकायला त्यांना 1861 उजाडलं.

हे चित्र जरा ध्यानात ठेवा. नाटक एका गावात चाललंय, आणि ज्याचा जीव त्यात अडकलाय तो माणूस शेकडो मैल लांब, दुसऱ्याच गावात, मनातल्या मनात ते ऐकतोय. रेडिओ यायला अजून सत्तर वर्षं होती. पण रेडिओचा श्रोता कसा असतो, ते इथे दिसतं. त्याच्याकडे रंगमंच नसतो. वेळ असते आणि कान असतात.

आता 'रोमँटिक' म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. प्रेमकथा एवढाच त्याचा अर्थ नाही. बर्लिनमध्ये 18 जून 1821 ला कार्ल मारिया फोन वेबर यांचा 'डेर फ्रायशुट्झ' झाला, तिथून ही परंपरा ठळक होते असं मानतात. जंगल, शिकारी, सैतानाशी केलेला सौदा, लोककथा, लोकगीताच्या वळणाच्या चाली. राजवाड्यातला इटालियन ऑपेरा आणि ही गावाकडची गोष्ट, यांत जर्मन मध्यमवर्गाला दुसरी आपली वाटली. स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या दंतकथा, पण संगीत मात्र कसून केलेलं.

हे ऐकून काही आठवतं का? आपल्याकडे 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' केलं. पुराणातली, काव्यातली गोष्ट, मराठी भाषा. आणि चाली कुठून घेतल्या? रागदारीतून, कीर्तनातून, साकी-दिंडीतून, लावणीतून, बायकांच्या ओव्यांतून. पदांची संख्या दोनशेच्या घरात. गंमत अशी की हीच शकुंतला जर्मन रोमँटिकांनाही भुरळ घालून गेली होती. विल्यम जोन्सच्या 1789 च्या इंग्रजी भाषांतरावरून 1791 मध्ये गेऑर्ग फोर्स्टर याने ती जर्मनमध्ये आणली आणि गटे तिच्या प्रेमातच पडला. शूबर्टने 1820 मध्ये शकुंतलेवर ऑपेरा लिहायला घेतला, तो अपुरा राहिला. पुढे फेलिक्स वाइनगार्टनरने 1884 मध्ये तो विषय पुरा केला आणि त्याचा प्रयोग झाला तोही वायमारलाच, जिथे 'लोहेनग्रीन' झाला होता. म्हणजे पुण्यात शाकुंतल झालं त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं अजिबात नाही. पण दोन्हीकडे एकच भूक होती, एवढं म्हणता येईल.

अजून एक तारीख सांगतो. 1882 साल. जुलैमध्ये बायरॉइट गावी वाग्नर यांचा शेवटचा ऑपेरा 'पार्सिफाल' झाला. नोव्हेंबरमध्ये पुण्यात 'संगीत सौभद्र'चे पहिले तीन अंक झाले. इथून मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि त्या वेगळेपणातच आपला विषय आहे.

वाग्नर यांनी बायरॉइटला स्वतःच्या कल्पनेप्रमाणे नाट्यगृह बांधून घेतलं, 1876 मध्ये ते सुरू झालं. वाद्यवृंद प्रेक्षकांना दिसू नये म्हणून तो रंगमंचाखालच्या झाकलेल्या खड्ड्यात बसवला. प्रेक्षागृहात अंधार. आणि 'पार्सिफाल' तर फक्त याच वास्तूत व्हावा, इतर कुठे नाही, अशी त्यांची इच्छा. म्हणजे ऑपेरा ऐकायचा तर तुम्ही उठून तिथे जायचं, एखाद्या क्षेत्राला जावं तसं. प्रेक्षक यात्रेकरू.

आपल्याकडे उलटं. यात्रा करायची ती नाटक कंपनीने. किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी, ललितकलादर्श, बळवंत संगीत मंडळी, सगळ्या कंपन्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या. पडदे, पेट्या, कपडेपट, आचारी, पोरंबाळं, सगळा संसार रेल्वेच्या डब्यात. आणि म्हणून खानदेश या नकाशात येतो. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे 1860 च्या दशकातच चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ या वाटेने गेली. चाळीसगाव-धुळे फाटा 1900 मध्ये सुरू झाला. 1906 मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. कापसाची पेठ, जिनिंगचे कारखाने, वकील, मास्तर, व्यापारी, सरकारी नोकर, म्हणजे तिकीट काढून नाटक पाहणारा वर्ग दोन्ही गावांत तयार होता.

पण हाही हिशेब नीट बघू. कंपनी आली तरी ती शहरात आली. प्रयोग रात्री उशिरा सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा, 'वन्स मोअर' पडले की आणखी लांबायचा. तिकीट काढायचं, रात्रभर घराबाहेर राहायचं. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत राबणाऱ्याला, शिरपूर-शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला, आणि बहुतेक घरांतल्या बायकांना ते कुठून जमणार? त्यांच्यासाठी गाऊन सांगायची गोष्ट नव्हती असं नाही. कानबाईच्या रोटांच्या वेळची अहिराणी गाणी होती, रात्र जागवणारं वहीगायन होतं, तमाशाचे वग होते. पण 'संगीत नाटक' नावाची जी प्रतिष्ठित वस्तू होती, तिला दार होतं आणि दारावर तिकीट होतं.

तरीसुद्धा खानदेशाचं या रंगभूमीशी नातं केवळ प्रेक्षकाचं नाही. दोन उदाहरणं देतो. पहिलं, नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. जन्म 26 जून 1888. लहानपणी ते शिक्षणासाठी जळगावात राहिले आणि तिथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांचे गाण्याचे सुरुवातीचे धडे झाले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे, त्यांच्या नावाने तिथे संगीत महोत्सव होतो, ते उगाच नाही. दुसरं उदाहरण तापीकाठच्या थाळनेरचं. शिरपूर तालुक्यातलं हे जुनं, किल्ल्याचं गाव. इथल्या लाड घराण्यातली मुलगी मास्टर दीनानाथ मंगेशकरांची पत्नी झाली. बळवंत संगीत मंडळीचे दीनानाथ हे खानदेशचे जावई. आणि त्यांची मुलं, लता, मीना, आशा, उषा, हृदयनाथ, यांचं आजोळ थाळनेर. आजीकडून ऐकलेल्या गाण्यांची आठवण लताबाई सांगत असत. हे आजोळ पुढे लागणार आहे, विसरू नका.

आता रेडिओकडे येऊ.

युरोपात ऑपेराचं प्रक्षेपण लवकर सुरू झालं. बी.बी.सी.ने जानेवारी 1923 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधून मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट' ऐकवला. पण मैलाचा दगड म्हणावा असं साल 1931. त्या वर्षी 18 ऑगस्टला बायरॉइटच्या नाट्यगृहातून वाग्नर यांचा 'ट्रिस्टान उंड इझोल्डे' विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांच्या संचालनाखाली थेट प्रक्षेपित झाला आणि युरोपभर, अगदी अटलांटिकपलीकडेही ऐकला गेला. ज्या वास्तूत यात्रेकरू होऊन यायचं, ती वास्तूच उठून लोकांच्या घरी गेली. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराने हुम्परडिंक यांचा 'हेन्झेल उंड ग्रेटेल' अमेरिकाभर ऐकवला. हाही जर्मन रोमँटिक ऑपेराच. हुम्परडिंक तरुणपणी 'पार्सिफाल'च्या तयारीत वाग्नर यांच्या हाताखाली काम केलेले. जंगलात हरवलेल्या दोन भावंडांची ती गोष्ट. मेट्रोपोलिटनच्या शनिवारच्या प्रक्षेपणांची लांबलचक परंपरा त्या प्रयोगापासून सुरू झाली.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? 23 जुलै 1927 ला मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. ताकद दीड किलोवॅट. आवाज नीट पोचायचा तो साधारण तीस मैलांपर्यंत. जळगाव मुंबईहून रेल्वेने चारशे किलोमीटरच्या वर. कंपनी 1930 मध्ये बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, 1936 मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. 1938 मध्ये मुंबईहून लघुलहरींवर प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा कुठे लांबच्या जिल्ह्यांत मुंबई ऐकू येण्याची सोय झाली. तीही ज्याच्याकडे सेट आहे, पोस्टातून काढलेलं लायसन्स आहे, छपरावर एरियलची तार आहे, त्याला.

आणि याच मुंबई केंद्रावर आपल्या गोष्टीतला जर्मन ऑपेराचा माणूस भेटतो. वॉल्टर कॉफमन. जन्म 1907, कार्ल्सबाड, म्हणजे आजच्या चेक देशातला, घराणं ज्यू, भाषा जर्मन. शिक्षण बर्लिनमध्ये, ऑपेरांचे नामवंत रचनाकार फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग ऑपेरात ब्रूनो वाल्टर यांच्या हाताखाली कामही केलं. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू संगीतकाराला जर्मन रंगमंच बंद झाला. 1934 मध्ये कॉफमन मुंबईत उतरले. 1937 पासून 1946 पर्यंत ते मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. सुरुवातीला भारतीय संगीत त्यांच्या पचनी पडत नव्हतं, पण कोट्यवधी लोकांना जे प्रिय आहे ते मला कळत नसेल तर कळून घेतलं पाहिजे, अशा जिद्दीने ते शिकले. पुढे अमेरिकेत जाऊन उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. 1938 मध्ये त्यांनी मुंबई रेडिओसाठी 'अनसूया' नावाचा ऑपेरा रचला. रंगमंचासाठी नव्हे, थेट रेडिओसाठी.

आता तुम्ही म्हणाल, खानदेशात 'अनसूया' कोणी ऐकला? बहुधा कोणी नसेल. पण कॉफमन यांची एक रचना खानदेशातल्या, नव्हे देशातल्या, प्रत्येक घराने ऐकली आहे. आकाशवाणीचं केंद्र सकाळी सुरू होताना जी धून वाजते, तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची ती ओळ, शिवरंजनीच्या सुरांची, ती त्यांच्या नावावर आहे. दूध घालायला निघालेला, शेणगोठा करणारी, चुलीवर चहा ठेवणारी, साऱ्यांचा दिवस ज्या सुरांनी उजाडला, ते सूर बर्लिनच्या ऑपेरागृहात वाढलेल्या आणि तिथून हाकलल्या गेलेल्या माणसाचे. जर्मन रोमँटिक परंपरेचा खानदेशशी थेट संबंध कुठे आला असेल तर तो इथे.

पण रेडिओने संगीत नाटकाचं काय केलं, हा मूळ प्रश्न. त्याचं उत्तर एका तारखेत सापडतं. 16 डिसेंबर 1941. लता मंगेशकर, वय वर्षं बारा, रेडिओवर पहिल्यांदा गायल्या. काय गायलं? दोन नाट्यगीतं. आणि ऐकत कोण होतं? घरी बसलेले दीनानाथ. ज्या माणसाने रंगमंच गाजवला, ज्याची कंपनी तोवर मोडली होती, तो आपल्याच रंगभूमीची पदं आता मुलीच्या आवाजात रेडिओवर ऐकतोय. ऐकून त्यांना फार आनंद झाला, आता मला कसली काळजी नाही असं ते आईला म्हणाले, अशी आठवण लताबाईंनी पुढे जाहीरपणे सांगितली. चार महिन्यांनी, 24 एप्रिल 1942 ला, दीनानाथ गेले.

ल्युत्सर्नच्या खानावळीत घड्याळ घेऊन बसलेले वाग्नर आणि रेडिओपाशी बसलेले दीनानाथ, यांत एक फरक आहे. वाग्नर रंगमंचापासून लांब होते, पण रंगमंच होता. वायमारमध्ये त्या क्षणी प्रयोग चालू होता. दीनानाथांनी ऐकलं त्यामागे रंगमंच नव्हताच. नाटक नव्हतं, पात्र नव्हतं, प्रसंग नव्हता. होतं फक्त पद.

हाच मुद्दा मला नीट मांडायचा आहे. बायरॉइटहून 1931 मध्ये 'ट्रिस्टान' गेला तो सगळा गेला, सुमारे चार तासांचं संगीत. रेडिओने रंगमंच काढून घेतला, पण गोष्ट तशीच ठेवली. आपल्याकडे गोष्टच गळाली. का गळाली, त्याची कारणं साधी आहेत. संगीत नाटक म्हणजे अखंड गाणं नव्हे. गद्य संवाद आणि मधूनमधून पदं. त्यामुळे पद उचलून बाजूला काढता येतं. ग्रामोफोनच्या तबकडीने हे आधीच केलं होतं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात बसेल ते पद. रंगमंचावर वीस मिनिटं रंगणारं गाणं त्या मापात कापून घेतलेलं. रेडिओने त्याच तबकड्या वाजवल्या, आणि स्टुडिओत कलाकार बोलावले तेव्हाही कार्यक्रमाचं माप मिनिटांचंच राहिलं. पूर्ण नाटकं झालीच नाहीत असं नाही, नभोनाट्य म्हणून संक्षिप्त रूपं झाली. पण रोज कानावर पडलं ते 'नाट्यसंगीत' या नावाचं गाणं, नाटकाचं बोट सुटलेलं.

दुसरी गोष्ट पेटीची. संगीत नाटकाची साथ म्हणजे ऑर्गन नाहीतर हार्मोनियम. 'मानापमान'ला संगीत देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक. आणि 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी घातली! कारण असं, की पेटीचे सूर ठरावीक, त्यात आपल्या श्रुती बसत नाहीत आणि मींडही निघत नाही. मुद्दा शास्त्राचा होता, त्यावर वादही झाले. पण बंदी तीसेक वर्षं टिकली. म्हणजे नाट्यपद रेडिओवर आलं ते आपली जन्माची सोबतीण बाहेर ठेवून.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी : डोळे. बालगंधर्वांची किमया ही होती, की पुरुष भामिनी होतो, रुक्मिणी होतो, आणि प्रेक्षकाला संशय येत नाही. शालू, नथ, चालणं, मान वेळावणं. लोक त्यांच्या साडीची चाल बघून घरी साड्या घेत. ही अर्धी कला रेडिओवर नाहीशी. 1955 च्या सुमारास त्यांचं रंगमंचावर येणं थांबलं, 15 जुलै 1967 ला ते गेले. त्यानंतर जन्मलेल्या जळगावच्या, धुळ्याच्या मुलाने त्यांना ऐकलं ते फक्त आवाज म्हणून. एक पुरुष स्त्रीचे शब्द गातोय, एवढंच त्याला कळणार. आजोबा डोळे मिटून ऐकतात तेव्हा त्यांना दिसत असतं. नातू ऐकतो तेव्हा त्याला दिसत नाही. एकाच घरात, एकाच सेटसमोर, दोघं वेगवेगळी वस्तू ऐकतायत.

हे झालं नुकसानीचं पान. आता जमेचं बघू, कारण ते पान न उलटता निकाल देणं अन्यायाचं होईल.

रेडिओने दारावरचं तिकीट काढून टाकलं. 1953 मध्ये 2 ऑक्टोबरला पुणे केंद्र सुरू झालं, 1957 मध्ये विविध भारती आली, साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि एरियल-बॅटरीची कटकट संपली. 'आपली आवड'मध्ये नाट्यपदाची फर्माईश करणाऱ्याला रात्रभर घराबाहेर राहावं लागत नव्हतं. भाकरी थापताना, कापूस वेचून आल्यावर, दुकानाच्या फळीवर, बांधावर, जिथे असेल तिथे ऐकायचं. ज्या बाईला नाटकाला पाठवलं जात नव्हतं, तिला 'सौभद्र'ची पदं पाठ झाली. ज्या वस्तीला थेटरात कधी मानाची जागा मिळाली नसती, तिथेही पंचायतीच्या भोंग्यावरून तोच सूर पोचला. नाटक गेलं हे खरं. पण ज्यांच्याकडे नाटक कधी नव्हतंच, त्यांचं काय गेलं? त्यांना पद मिळालं. हिशेब मांडताना आपण कुठल्या खुर्चीत बसून मांडतोय, ते आधी बघितलं पाहिजे. पहिल्या रांगेतल्या माणसाला तोटा दिसेल, तंबूबाहेरच्याला नफा.

आणि रेडिओने फक्त जुनं कापून वाढलं असंही नाही. रंगमंचाची आठवणसुद्धा नसलेला एक नवा प्रकार त्याने जन्माला घातला. 1 एप्रिल 1955, रामनवमी, शुक्रवार सकाळ. पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांच्या पुढाकाराची. दर आठवड्याला एक गीत, बावन्न आठवड्यांचा बेत. त्या वर्षी अधिक महिना आल्याने गीतं झाली 56. प्रत्येक गीत कुणा ना कुणा पात्राच्या तोंडी : राम, सीता, कौसल्या, भरत, शूर्पणखा. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे यांच्यासारखे गायक. लोक सेटला हार घालत, उदबत्ती लावत, या आठवणी महाराष्ट्रभर सांगितल्या जातात.

हे काय आहे? कथा आहे, पात्रं आहेत, गायन आहे, आणि रंगमंच नाही. नुसत्या कानासाठी रचलेलं संगीत नाटकच म्हणा ना! इथे गोष्ट गळाली नाही, कारण ती श्रोत्याला आधीच ठाऊक होती. दोन गीतांमधला आठवडा श्रोता स्वतः भरून काढत होता. कीर्तन ऐकलेल्या कानाला ते जड गेलं नाही. पुढे मुंबई केंद्रावर 'संगीतिका' हा प्रकार रुळला. मंगेश पाडगावकरांची 'बिल्हण', तिला पु. ल. देशपांड्यांचं संगीत. त्यातली जितेंद्र अभिषेकींनी गायलेली गाणी आजही भावगीतं म्हणून ऐकली जातात. आणि इथे परत तेच झालं बघा : गाणी राहिली, बिल्हणाची गोष्ट किती जणांना आठवते? 'लोहेनग्रीन'चंही तसंच आहे. त्यातली लग्नाची धून जगभर चर्चमध्ये वाजते. वाजवणाऱ्यांना हंसही ठाऊक नसतो आणि ते लग्न ऑपेरात त्याच रात्री मोडतं, हेही ठाऊक नसतं. तेव्हा गोष्ट गळून गाणं उरणं हा काही मराठी माणसाचा खास दोष नव्हे.

शेवटचा टप्पा. 1976 मध्ये जळगावला आकाशवाणी केंद्र आलं. इथे एक मूलभूत बदल झाला, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. तोवर खानदेश ऐकत होता. मुंबई, पुणे, इंदूर बोलणार आणि खानदेश ऐकणार. 1976 नंतर खानदेश बोलू लागला, गाऊ लागला. आवाजाची चाचणी द्यायला मुंबईची गाडी पकडायला नको. अहिराणी गाणी, कानबाईची गाणी, ओव्या, शेतीच्या गप्पा, स्थानिक नाट्यलेखकांची श्रुतिका, सगळ्याला मायक्रोफोन मिळाला. पूर्वी कंपनी गावात येऊन आपलं गाणं ऐकवून निघून जायची. आता गावाचं गाणं गावातूनच निघून आसपासच्या जिल्ह्यांत जायला लागलं. वेबरने बर्लिनमध्ये लोकगीताचं वळण ऑपेरात नेलं, किर्लोस्करांनी ओवी-साकी रंगमंचावर नेली. त्या वेळी लोकगीत हा कच्चा माल होता आणि त्याचं कापड दुसरीकडे विणलं जायचं. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला हा फरक समजावून सांगायला नको. स्थानिक केंद्रावर, निदान काही तास तरी, ज्याचा कापूस त्याचंच कापड होतं.

मग आज आपल्यापुढे काय आहे? मोबाइलवर 'ट्रिस्टान' अख्खा मिळतो. बालगंधर्वांच्या तबकड्या मिळतात. वायमार, बायरॉइट, मुंबई, सगळं खिशात. न मिळणारी गोष्ट एकच : पन्नास वर्षांत जिल्ह्याच्या केंद्रांवर आणि घराघरांतल्या कॅसेटींवर जे गायलं, बोललं गेलं, ते. बायरॉइटच्या प्रयोगांवर ग्रंथांचे ढीग आहेत. थाळनेरच्या आजोळी लहानपणी कोणती गाणी कानावर पडली, ती आज गाणारी बाई तिथे आहे का, हे विचारायला मात्र आपल्यालाच जावं लागेल. ऐकणाऱ्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही, कारण ऐकणारा मागे कागद सोडत नाही. वाग्नर यांनी आत्मचरित्रात लिहिलं म्हणून ती खानावळ आपल्याला कळली. लताबाईंनी सांगितलं म्हणून ते दीनानाथ कळले.

म्हणून व्याख्यान ऐकणाऱ्यांना, वाचणाऱ्यांना एक काम सुचवतो. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा : रेडिओवर पहिलं नाट्यपद कधी ऐकलं? सेट कुणाचा होता? कोण कुठे बसायचं, बायका कुठून ऐकायच्या, दारात कुणाला उभं राहावं लागायचं? पद ऐकताना नाटक डोळ्यांपुढे यायचं, की नुसता सूर? उत्तरं तारखेसह, गावासह लिहून ठेवा. माळ्यावर कॅसेट असतील तर टाकून देऊ नका. रेडिओने संगीत नाटकाचं भलं केलं की वाटोळं केलं, याचा निकाल समीक्षकांनी पुष्कळदा दिला आहे, पण तो पहिल्या रांगेत बसून दिलेला आहे. तंबूबाहेरच्यांची साक्ष अजून घेतलेली नाही. ती घेतली जाईपर्यंत हा हिशेब अपुराच म्हणायचा.